वसुमतीबाई रांगेत उभ्या राहिल्या

घरातलं दुखणं बरं व्हावं म्हणून तुम्ही कधी पोरीला कॉलेजात घातलं आहे का?

लगेच नाही म्हणू नका. जरा घरात नजर फिरवा, मग बोला. आमच्या बेंगळुरातल्या कॉटनपेटेत एका माणसाने घातली होती. तो अडाणी नव्हता, दुष्ट तर नव्हताच. गल्लीत त्याच्याइतका सरळ माणूस शोधून सापडला नसता. तरी त्याने ते केलं, आणि अख्ख्या गल्लीने त्याची वाहवा केली.

पण ही गोष्ट त्याची नाही. ही वसुमतीबाईंची आहे. बसवनगुडीत राहायच्या, मुलींच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या, आणि दर जूनमध्ये कोणत्या मुलीने तो विषय घ्यावा, कोणी घेऊ नये, हे सांगायच्या. पेपरात त्यांचं नाव कधी आलं नाही. मी कामगारांत वावरलेला माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचं सगळं वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या गेटसमोर शिकलो. पदवीवाल्यांपुढे मान लववायची मला सवय नाही, आणि ती लावून घ्यायची इच्छाही नाही. या बाईंपुढे लवली. का लवली ते सांगतो.

त्यांचं घराणं बेंगळुरातलं जुनं मराठी. किती जुनं, असं विचारलं की म्हणायच्या, "आमचे पूर्वज शहाजीराजांच्या मागून आले आणि परत जायचं विसरले." घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड, कॉलेजच्या फाटकातून आत गेलं की इंग्रजी. वडील नरसिंहराव अठारा कचेरीत, म्हणजे सरकारी सचिवालयात, कारकून. मुलगी शिकली ती म्हैसूरला मावशीकडे राहून, आणि मावशीचा भलामोठा स्वयंपाक उरकून.

मी एकदा विचारलं होतं, "अक्का, हाच विषय का घेतलात? घरी कोणी होतं का तसं?"

"कोणी नव्हतं. आमच्या घरी सगळे ठणठणीत, तीच पंचाईत," त्या म्हणाल्या. "मानसशास्त्राचा वर्ग दुपारी असायचा. सकाळची भाकरी-भाजी आवरून पोचता यायचं. घड्याळ बघून घेतलेला विषय आहे तो. मग आवडायला लागला."

लग्न झालं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता त्यांच्या कामाचं सांगतो, कारण ते काम कोणाला काम वाटायचंच नाही. पी.यू.सी., म्हणजे पदवीच्या आधीचा वर्ग, झालेली मुलगी बी.ए.ला आली की तीन विषय निवडायचे. बहुतेक जणी थोरल्या बहिणीचे विषय घ्यायच्या, पुस्तकं घरात असतात म्हणून. मानसशास्त्र नवं. कोणाच्या थोरल्या बहिणीने ते घेतलेलं नव्हतं. त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो समजायचा. कोणाला वाटायचं संमोहन शिकवतात, कोणाला वाटायचं चेहरा बघून पोटातलं ओळखता येतं. एका वडिलांनी विचारलं होतं, "हे शिकून मुलीला नवऱ्याच्या मनातलं कळेल का?" बाई म्हणाल्या, "कळून ती काय करणार आहे? त्याच्या मनात बहुतेक जेवणच असतं."

म्हणून प्रिन्सिपलबाईंनी ठरवून टाकलं, ज्यांना हा विषय हवा त्यांनी आधी वसुमतीबाईंना भेटायचं. भेट व्हायची प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे इमारतीच्या मागची एक लांबट खोली. टेबलावर लाकडी पाट, पाटावर कागद, कागदावर छापलेली चांदणी, दुहेरी रेघांची. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पण हात दिसू नये म्हणून वर पत्र्याचा आडोसा, आणि समोर आरसा. आरशात बघून गिरवायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. हात वर न्यायला जावं तर तो खाली जातो. चांगली शहाणी माणसं घाम पुसायला लागतात.

बाई काही न बोलता मुलीला त्या पाटासमोर बसवायच्या आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. एखादी हसत सुटायची. एखादी पेन्सिल ठेवून म्हणायची, हे पोरखेळ आहेत. तिला बाई प्रेमाने अर्थशास्त्राकडे धाडायच्या. एखादी मात्र पुन्हा कागद मागायची आणि विचारायची, "मिस, हात ऐकत का नाही?" ती त्यांची.

पण त्याआधी एक प्रश्न असायचा. "घरी कोण आजारी आहे?"

कसला आजार ते सांगावं लागायचं नाही, मनाचाच. कोणाची आई, कोणाचा काका, कोणाची लग्नातून परत आलेली बहीण. मुलीने मान खाली घातली की बाई म्हणायच्या, "मग तू इतिहास घे. हा विषय त्यांच्यासाठी घेऊ नकोस. इथे औषध मिळत नाही." कठोर वाटेल. पण पूर्वी एक मुलगी अशीच आली होती. पुस्तकाच्या प्रत्येक पानावर तिला तिची आई दिसायची, आणि वर्ष संपायच्या आत ती रडत निघून गेली होती. तेव्हापासून बाईंनी हा नियम धरला होता.

नियम धरला की त्यातून सुटायची वाट निघते, हे आम्हा युनियनवाल्यांना विचारा. वरच्या वर्गातल्या मुली फाटकाशीच नव्या मुलींना सांगायला लागल्या, "वसुमती मिस विचारतील घरी कोण आजारी. सरळ कोणी नाही म्हण." बाईंना वाटायचं, हल्ली बऱ्या घरच्या मुली येतात.

हेमलता महिंद्रकर अशीच आली. साठ सालच्या आसपासची गोष्ट. घरी कोण आजारी, तर कोणी नाही. पाटावर बसली. उजव्या हाताने चांदण्यांमागून चांदण्या गिरवल्या, हात सरावला, आणि मग न सांगता तिने पेन्सिल डाव्या हातात घेतली. थोड्या वेळाने म्हणाली, "मिस, डावा हात तर आत्ता पहिल्यांदा बसला. मग त्याला निम्मं आधीच कसं येतंय? त्याला कोणी शिकवलं?"

हा प्रश्न मोठमोठ्यांनी विचारलेला आहे म्हणे, पुस्तकात त्याला नाव आहे. पोरीने पुस्तक बघितलेलं नव्हतं. बाईंनी मला सांगितलं, "त्या दिवशी मी घरी जाऊन शिरा केला. एकटीसाठी."

पण हेमलताच्या घरी माणूस होता. तिचा थोरला भाऊ त्रिविक्रम. वडील प्रतापराव महिंद्रकर आमच्या गल्लीत शिंपी. लग्नाचे कोट शिवावेत तर त्यांनीच. त्रिविक्रम कापड बेतायचा, हात असा की खडू एकदा फिरला की पुन्हा फिरायचा नाही. मग एक दिवस गिऱ्हाइकाचं माप घेताघेता थांबला आणि म्हणाला, टेप माझ्याविषयी बोलतेय. तिथून सुरू झालं. दर्गा झाला, देऊळ झालं, मागडीकडचा कोणी मांत्रिक झाला. मग होसूर रस्त्याकडच्या वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या औषधाने थोडं सावरलं आणि अचानक प्रतापरावांनी इस्पितळ बंद केलं. का, ते तेव्हा कोणाला कळलं नाही.

त्याच सुमाराला त्यांच्या दुकानात बसणारे कृष्णमूर्ती, एका शाळेतले कारकून, म्हणाले, "अहो, मानसशास्त्र म्हणून आता बी.ए.ला विषय आहे. डॉक्टरकीची धाकटी बहीणच समजा." झालं. हेमलता कॉलेजात गेली, आणि प्रतापराव प्रत्येकाला सांगायला लागले, पोर शिकून आली की घरातच इलाज सुरू. गल्लीला अभिमान वाटला. आमच्या कॉटनपेटेतली पोर मनाची डॉक्टर होणार. आणि ती होईपर्यंत त्रिविक्रम मागच्या खोलीत, औषधाविना.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा जवळ आली तेव्हा हेमलता प्रयोगशाळेत आली आणि दारातच उभी राहिली.

"मिस, मला विषय बदलायचा आहे."

"आता? काय घेणार?"

"काहीही. इतिहास, कन्नड. ज्याने कोणी बरं होत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, असं काहीही."

बाईंनी तिला आत घेतलं, दार लोटलं. मग सगळं बाहेर आलं. संध्याकाळी घरी गेली की वडील इलाज मागतात. काहीतरी दाखवायचं म्हणून तिने दुकानातल्या आरशापुढे पाट मांडला आणि भावाला चांदण्या गिरवायला लावल्या. तो तेवढा वेळ शांत बसतो. वडील दारातून बघतात आणि शेजाऱ्यांना सांगतात, ट्रीटमेंट चालू आहे. रात्रभर तो येरझारा घालतो, ते कोणाला दिसत नाही. आता जेवणही सोडत चाललाय.

"खोटं का बोललीस? मी विचारलं होतं, घरी कोण आजारी."

"खरं सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

बाई म्हणाल्या, "वडिलांना सांग की तुला हे येत नाही. येणारही नाही."

"सांगितलं तर अण्णाला इस्पितळात नेतील, आणि मला शिलाईच्या मशीनवर बसवतील. कॉलेज त्याच्यासाठीच होतं ना. नाही सांगितलं तर मी इथे मजेत, आणि तो तिथे." पोरीने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही सगळ्यांना निवडून देता ना मिस, हे घ्या, हे घेऊ नका. मला हे निवडून द्या."

बाई मला म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं मी सल्ले दिले. त्या दिवशी माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. मी फक्त विचारलं, तुला स्वतःला काय हवंय? अण्णाला घटकाभर बाजूला ठेव. तर म्हणाली, डाव्या हाताचं मला अजून पुरतं कळलेलं नाही. ते कळून घ्यायचंय."

त्या रविवारी आमच्या गल्लीत एक बाई आल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात छत्री. मी हॉटेलच्या पायरीवर पेपर वाचत होतो.

"महिंद्रकरांचं घर कुठलं?" मराठीत विचारलं. आमच्या भागात अनोळखी माणूस मराठी बोलला की दोनच कारणं असायची, सोयरीक नाहीतर वसुली.

"मुलगी बघायला आलात?" मी विचारलं.

"बघितली आहे. पसंतही आहे. पण मला मुलगा नाही," त्या म्हणाल्या. "मी तिच्या कॉलेजात शिकवते. तुम्ही कोण?"

"मी गल्लीतला."

"गल्लीतले म्हणजे भांडणारे की भांडण सोडवणारे?"

"दोन्ही येतं."

"मग चला बरोबर. सोडवायची वेळ आली तर असू द्या कोणी."

मला असं कोणी हुकमी बोललेलं खपत नाही. पण पाय निघाले.

प्रतापरावांच्या घरी धावपळ उडाली. कॉलेजातल्या बाई स्वतः आल्या म्हणजे इलाज तपासायला आल्या, असं त्यांनी धरलं. मथुराबाईंनी, म्हणजे हेमलताच्या आईने, चटई झटकून घातली, कॉफी टाकली. हेमलता दाराच्या चौकटीला चिकटून उभी. आतून चपला घासत चालल्याचा आवाज येत होता. जायचा, यायचा. जायचा, यायचा.

"बघा बाई," प्रतापराव म्हणाले, "आधी भांडी फेकायचा. आता चांदण्या काढतो. स्वल्प फरक आहे की नाही तुम्हीच सांगा. आता परीक्षा झाली की ही जोरात सुरू करेल."

"फरक नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे तिला जे शिकवलं ते मी शिकवलं आहे. आणि मला तुमच्या मुलाचा आजार बरा करता येत नाही. मलाच येत नाही तर माझ्याकडे शिकणारीला कुठून येणार? आणखी एक वर्षाने पण येणार नाही, दहा वर्षांनी पण नाही. त्याला डॉक्टर लागतो."

खोलीत फक्त चपला वाजत राहिल्या. प्रतापरावांनी हातातला पेला खाली ठेवला.

"मग तुम्ही शिकवता काय, बाई?"

"माणूस कसा शिकतो. कसा विसरतो. डोळा कसा फसतो."

"ते बघायला कॉलेज कशाला? माझ्या दुकानात येऊन बसा. तीन वेळा माप देऊन चौथ्यांदा म्हणतात, मी असं सांगितलंच नव्हतं." मग त्यांच्या आवाजातली गंमत गेली. "सरी, ठीक आहे. कळलं मला. उद्यापासून मुलगा इस्पितळात, आणि ही मशीनवर. झालं ना तुमचं समाधान?"

हेमलताने डोळे मिटून घेतले. ह्यालाच ती घाबरत होती, आणि हेच झालं होतं. माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "प्रतापराव, पोरीला काय कापडाचा तुकडा समजता, इथे नाही पुरला तर तिथे लावला?"

"तुम्ही थांबा," बाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "हा तुमचा संप नाही."

गेटवर पोलिसांनी थांब म्हटलं तरी मी थांबलेलो नाही. इथे थांबलो.

"प्रतापराव," त्या म्हणाल्या, "एक सांगा. इस्पितळाच्या औषधाने सावरत होता ना? मग बंद का केलंत? तेव्हा तर ही कॉलेजात नव्हती."

मथुराबाई कॉफीची भांडी गोळा करायला लागल्या, मग हातातली भांडी तशीच घेऊन उभ्या राहिल्या.

"सांगा की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मला मेलीला सांगता येत नाही, तुम्ही तरी सांगा."

मग ते आलं. इस्पितळाच्या फाटकात रांगेत उभे असताना त्यांचं एक गिऱ्हाईक बसमधून उतरलं. ज्याच्या मुलाचा लग्नाचा कोट त्यांनी शिवला होता तो. त्याने नमस्कार केला, त्रिविक्रमकडे बघितलं, आणि निघून गेला. पण थोड्याच दिवसांत हेमलताची जुळत आलेली सोयरीक मोडली. प्रतापरावांनी पुन्हा त्या फाटकात पाय ठेवला नाही. दुकान गल्लीत, गिऱ्हाइकं गल्लीत, जात-बिरादरी गल्लीत. पोराचं मन बिघडलंय एवढं गल्ली खपवून घेत होती, वेड्यांच्या इस्पितळाचा शिक्का कोणी खपवला नसता. घरातल्या घरात इलाज होत असेल तर रांगेत कशाला उभं राहायचं?

"म्हणजे पोरीला कॉलेजात घातलं ते शिकवायला नाही," बाई हळू म्हणाल्या. "झाकायला."

मला वाटलं, आता हा माणूस बाईंना घराबाहेर काढणार. कोणी मला असं बोललं असतं तर मी काढलं असतं. प्रतापराव जमिनीकडे बघत बसले.

"मी एकटा त्या रांगेत उभा राहू शकत नाही, बाई. हिला इंग्रजी येतं, डॉक्टरांचं बोलणं कळतं. आता हीच घेऊन जाईल त्याला. म्हणून म्हटलं, कॉलेज बंद."

"तिला नाही जमणार. उद्या सोमवारी तिचं प्रॅक्टिकल आहे, परीक्षक बाहेरचे आहेत, चुकवता येत नाही," बाई म्हणाल्या. "मी येते."

"तुम्ही?"

"मी उभी राहते तुमच्याबरोबर. मलाही इंग्रजी येतं. आणि कोणी ओळखीचं भेटलं आणि विचारलं, इथे कसे, तर माझ्याकडे बोट करा. म्हणा, ह्या बाईंचं डोकं फिरलंय, ह्यांना दाखवायला आणलंय."

मथुराबाई हसल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत हसल्या. त्या घरात हसण्याचा आवाज मी किती दिवसांनी ऐकत होतो. मग प्रतापरावांच्या ओठांची एक बाजू हलली.

"बाई, तुमची नोकरी जाईल."

"गेली तर मशीनवर बसवा. बटणं लावता येतात मला."

"आणि ही?" त्यांनी दाराकडे बोट केलं. "हिला पुढे शिकवून काय मिळणार, ते तर सांगा. इलाज नाही, तर काय?"

बाईंना नोकरीचं नाव काढता आलं असतं, पगाराचं काढता आलं असतं, मी असतो तर तेच काढलं असतं. त्यांनी हेमलताला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, "डाव्या हाताचं सांग यांना."

पोर अडखळत सांगायला लागली. उजव्या हाताने शिकलं की डावा न शिकवता कसा निम्मा शिकलेला असतो, मग शिकणं असतं कुठे, हातात की आणखी कुठे. सांगतासांगता अडखळणं गेलं. प्रतापराव ऐकत होते. शेवटी त्यांनी आपला डावा हात उचलून, हवेत कात्री धरल्यासारखी बोटं हलवून बघितली.

"होय की," म्हणाले. "उजव्याला लागलं होतं तेव्हा मी डाव्याने बेतलंय. कसं जमलं कोण जाणे." मग हात मांडीवर ठेवला. "जा म्हणावं सोमवारी."

सोमवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. प्रतापराव, त्रिविक्रम, बाई आणि मी. त्रिविक्रम वाटेत बिथरला तर धरायला दणकट माणूस हवा, म्हणून मला घेतलं. हेमलता त्याआधीच वह्या-पुस्तकं घेऊन कॉलेजला गेली होती. निघताना दोनदा मागे वळली, आईने हाताने पुढे जा म्हटलं.

रांग मोठी होती. उन्हात बायका, म्हातारे, कोणाच्या हाताला दोरी बांधलेली. बाई छत्री उघडून त्रिविक्रमच्या डोक्यावर धरून उभ्या होत्या आणि त्याच्याशी कोटाच्या कॉलरविषयी बोलत होत्या. तो कधी उत्तर द्यायचा, कधी दुसऱ्याच कोणाला द्यायचा. आणि जे व्हायचं तेच झालं. रस्त्यापलीकडून कृष्णमूर्ती येताना दिसले, तेच दुकानात बसणारे कारकून. शेजारच्या कोणा नातेवाइकाला भेटायला आले होते. त्यांनी लांबूनच हाक मारली.

"काय प्रतापराव, इकडे कुठे? घरी इलाज चालला होता ना? मग या रांगेत कोण?"

बाई छत्रीसकट एक पाऊल पुढे सरकल्या. ठरलं होतं तसं. प्रतापरावांनी त्यांच्या दंडापुढे आडवा हात धरला.

"माझा मुलगा," म्हणाले. "थोरला."

कृष्णमूर्ती थांबले. म्हणाले, "पाणी आणून देऊ का?"

"आणा," प्रतापराव म्हणाले.

त्रिविक्रम बरा झाला असं लिहिलं तर खोटं होईल. औषधाने येरझारा थांबल्या, जेवायला लागला. काही वर्षं दुकानात बसून काज-बटणं केली, मधे पुन्हा बिघडला, पुन्हा नेला. पण प्रत्येक वेळी वडिलांनी नेला. हेमलताची बी.ए. झाली. पुढे एका सरकारी कारखान्याच्या भरती विभागात लागली, कामावर येणाऱ्या पोरांच्या हाता-डोळ्यांच्या चाचण्या घ्यायला. त्या चाचण्यांवरून तिचं आणि माझं कडाक्याचं भांडण आहे, ते इथे नको.

वसुमतीबाईंना मात्र किंमत पडली. लेक्चररबाई तसल्या रांगेत उभ्या होत्या, मुलींच्या घरी जाऊन वडिलांना उलटसुलट बोलतात, अशी कुजबुज सुरू झाली. दोन पालक तक्रार घेऊन आले. प्रिन्सिपलबाईंनी विषय निवडून द्यायचं काम त्यांच्याकडून काढून एका तरुण मास्तरांना दिलं. ते गुणपत्रिका बघायचे आणि सही करायचे. मी चिडलो, म्हटलं फाटकासमोर सभा घेतो. बाई म्हणाल्या, "घ्या. मग उरलेली नोकरी पण जाईल. मला अजून शिकवायचंय."

तरी मुली त्यांच्याकडेच यायच्या. सही एकीकडे, सल्ला दुसरीकडे. पण त्यांनी आपला तो जुना प्रश्न टाकून दिला होता. म्हणायच्या, "तो प्रश्न विचारून मी आजारी माणसाच्या घरातल्या मुलींना दारातच अडवत होते. आणि ज्या आत आल्या त्यांना खोटं बोलायला शिकवलं. चूक मुलींची नव्हती." आता त्या विचारायच्या, "तू वर्गात असतेस तेव्हा त्यांच्याजवळ घरी कोण बसतं?"

मुलगी म्हणाली आई, काका, आजोबा, तर ठीक, बस पाटावर. मुलगी म्हणाली, "मीच, मिस, म्हणून तर उशीर होतो," की बाई छत्री उचलायच्या आणि संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसायच्या. यशवंतपूरपर्यंत गेलेल्या मला माहीत आहेत. एकदोनदा मी बरोबर गेलो. काही घरांनी चहा दिला, काहींनी दार उघडलं नाही. बंद दारासमोरही त्या थोडा वेळ उभ्या राहायच्या, मग म्हणायच्या, "चला, उद्या परत."

मागण्या मांडणं हेच माझं आयुष्य. मालकांपुढे मांडल्या, सरकारपुढे मांडल्या, आवाज चढवून मांडल्या. ही एक तुमच्यापुढे मांडतो, आणि आवाज न चढवता. तुमच्या घरी कोणी आजारी असेल आणि त्याच घरात एखादी शिकणारी मुलगी असेल, तर तिच्याकडे औषध मागू नका. त्याला इस्पितळात न्यायचं तर तुम्ही न्या, रांगेत तुम्ही उभे राहा, घरी त्याच्याजवळ तुम्ही बसा. आणि उद्या सकाळी तिला वेळेवर वर्गात जाऊ द्या.